शेवटच्या खुर्चीचा भाव

दुकानातून आरडाओरडा ऐकू आला की समोरचा कुलूपवाला निश्चिंत असायचा. भावंडं कामाचं बोलताहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुकान गप्प झालं तर मात्र तो उठून डोकावून जायचा. त्या दिवशी तो दोनदा डोकावून गेला.

आत थोरला खुर्चीवर बसला होता आणि धाकटी टेबलापाशी उभी होती. चाळिशी उलटली, चष्मा लागला, कपाळावर पांढरी बट आली, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. शाळांचे हॉल, दवाखान्यांतल्या व्याख्यानाच्या खोल्या, कचेऱ्यांतली सभागृहं, अशा ठिकाणी माइक, स्पीकर, पडदा, प्रोजेक्टर बसवून द्यायचा त्यांचा धंदा. थोरला गिऱ्हाईक आणायचा. धाकटी आराखडा काढायची, म्हणजे कुठला स्पीकर छतात कुठे बसेल आणि कुठली वायर कुठून जाईल ते कागदावर आणायची. वायरमन ते सगळं भिंतीत घालायचा. या वायरमनचा हात पक्कडीशिवाय रिकामा कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याचं नाव पक्कड. त्याच्या बायकोलाही त्याचं खरं नाव आठवायला वेळ लागतो, असं थोरला म्हणायचा.

"गेलं काम," थोरला म्हणाला. "हेही गेलं."

"कुणाला?"

"त्या रंगीत चित्रवाल्यांना. कॉम्प्युटरवर अख्खा हॉल फिरवून दाखवला त्यांनी. कुठल्या खुर्चीला किती आवाज पोचणार, ते रंगात. आणि स्पीकर आपल्यापेक्षा निम्मे."

"निम्म्यात मागच्या रांगेला डोंबल ऐकू येणार!"

"मीही तेच म्हटलं. तर तो साहेब विचारतो, तुमच्या हिशेबाला आधार काय?"

"मग सांगायचं ना तोंडावर!"

"काय सांगू? आमची आई?"

इथे दुकान गप्प झालं आणि कुलूपवाला पहिल्यांदा डोकावला.

थोरला बोलला ते खोटं नव्हतं. त्यांच्या हिशेबाला आधार म्हणजे त्यांची आई, आणि ती रीत वडलांपासूनची. वडील सभांना कर्णे भाड्याने द्यायचे. ते व्यासपीठापाशी बटणांवर बसायचे आणि आई विणकामाची पिशवी घेऊन मैदानाच्या पार टोकाला. बोलणं नीट कळलं की आई पिवळ्या लोकरीचा गुंडा डोक्यावर धरायची. गुंडा दिसेपर्यंत वडील सभा सुरू होऊ द्यायचे नाहीत, मग पुढारी कितीही घसा खाकरो. पुढच्या रांगेतल्यांना काय, त्यांना माइक नसला तरी ऐकू येतं, आणि बरेचदा ते न ऐकताच टाळ्या वाजवायला आलेले असतात. लांबून चालत आलेला, उशिरा पोचलेला, पाठीमागे उभा राहिलेला माणूस, त्याच्यासाठी कर्णा. ज्याच्याकडे बोलायला माइक नाही त्याच्याविषयी सगळे गळा काढतात. ज्याच्यापर्यंत बोललेलं पोचतच नाही त्याची दखल कोण घेतो? ती आई घ्यायची.

वडील गेले, कर्णे गेले, छतातले गोल स्पीकर आले, पण रीत तीच राहिली. हॉल उभा राहिला की पक्कड छतापाशी शिडीवर नमुन्याचे स्पीकर टांगायचा, मग माइकपुढे उभा राहून हाती लागेल तो छापील कागद वाचायचा. बहुतेक वेळा प्रोजेक्टरच्या खोक्यातलं वॉरंटीचं कार्ड असायचं. "हे उपकरण ओलसर जागी ठेवू नये." शेवटच्या खुर्चीतून आई तेच वाक्य मोठ्याने परत म्हणायची आणि गुंडा वर जायचा. नुसता आवाज ऐकू येऊन चालायचं नाही. शब्द न् शब्द परत म्हणता आला पाहिजे, हा तिचा नियम. नाही आला तर ती म्हणायची, "पुटपुटतोयस. आणखी एक लाव." मग धाकटी कागदावर आणखी एक गोल काढायची.

"आईला आता घरी बसू दे," थोरला म्हणाला. "सॉफ्टवेअर घेऊ. कितीला पडतं ते तू काढ. दोन-चार बघ, भाव लाव, मला सांग."

"घरी बसू दे म्हणजे?" धाकटीचा आवाज चढला. "तिची ती खुर्ची आहे, दादा. वडील गेल्यावर ती बाई कशावर उभी राहिली, माहीत आहे ना? त्या गुंड्यावर! फुकटात तुझा हॉल तपासून देते. तू लुटारूंच्या दारात चाललास?"

"लुटारू आहेत की नाहीत ते भाव काढून दाखव."

"दाखवतेच! आणि लुटारू निघाले तर आई जागची हलणार नाही. बोल, कबूल?"

"आणि नाही निघाले तर?"

धाकटी टेबलावरचा आराखडा गुंडाळायला लागली. कुलूपवाला दुसऱ्यांदा डोकावला.

आई दुकानाच्या मागच्या खोलीत चहा गाळत होती. ती कपबश्या घेऊन बाहेर आली, दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाली, "भांडण झालं ना? आता प्या."

*

धाकटी आराखडे शिकली ती कुणी शिकवलं म्हणून नव्हे. शाळा अर्धवट सुटली, तेव्हा वडलांनी बिलाच्या पाठकोऱ्या कागदांवर वायरींच्या खुणा करायला बसवलं. पुढे जुना कॉम्प्युटर आला, त्यावर स्वस्तातलं चित्र काढायचं सॉफ्टवेअर आलं. रेघ मारणं, गोल काढणं, वायरीला नंबर देणं, सगळं ती चुकतमाकत, चरफडत, टेबलावर हात आपटत शिकली. पण त्या सॉफ्टवेअरला आवाजातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्पीकरचा गोल आणि फुलदाणीचा गोल त्याला सारखेच. आवाजाचं कळायचं ते आईला.

आता तिने फोन हातात घेतला, आणि पहिल्याच दिवशी तिचं डोकं फिरलं. भाव कुणी सांगेचना.

"मॅडम, आधी डेमो बघून घ्या."

"डेमो नको, भाव सांगा."

"मॅडम, तुमची गरज समजल्याशिवाय भाव कसा सांगणार?"

"अहो, भाजीवालासुद्धा आधी भाव सांगतो आणि मग विचारतो, किती देऊ! तो काय माझी गरज समजून घेतो? घरात पाहुणे किती, भांडण कुणाशी?"

पलीकडचा तरुण गोड हसला. त्या हसण्याची फीसुद्धा यात धरलेली असणार, असं तिला वाटलं.

चिकाटीने ती भावापर्यंत पोचली. शेवटी तीन सॉफ्टवेअर उरली आणि तिघांना तिने नावं ठेवली.

पहिलं ते महाराणी. महाराणी सगळं करायची. हॉल काढायची, आवाज मोजायची, वायरींचे नंबर द्यायची, सामानाची यादी काढायची, कोटेशन छापायची. पण भाव दर माणशी, दर वर्षी. एका वर्षाच्या फीत दोन चांगले प्रोजेक्टर आले असते. वर शिकवणीची फी निराळी. सगळ्यात संताप आला तो पुढच्या गोष्टीचा: फी भरणं थांबवलं की आपलीच काढलेली चित्रं आपल्याला उघडता यायची नाहीत.

"म्हणजे मी माझ्या घरात राहायचं आणि किल्ली तुमच्या खिशात?" तिने विचारलं.

"मॅडम, तसं नाही, डेटा सुरक्षित राहतो."

"तुरुंगात माणूसही सुरक्षितच राहतो!"

दुसरं ते जावई. जावयाची स्वतःची फी बेताची होती, पण तो एकटा येत नसे. खाली दुसरं चित्र काढायचं सॉफ्टवेअर अंथरलेलं लागायचं, ते वेगळं विकत घ्यायचं. पहिल्या वर्षी सवलत, दुसऱ्या वर्षापासून मान वाढवून. पण एक गुण होता. तो रुसून गेला तरी चित्रं साध्या फाइलींत आपल्याकडे ठेवून जायचा, आणि महिन्याच्या बोलीवरही यायचा.

तिसरा फुकट्या. त्याला काही द्यायचं नाही. पण त्याच्या पोटात फक्त एकाच कंपनीचे स्पीकर. दुसऱ्या कंपनीचा स्पीकर त्याला दाखवलाच तर सगळे आकडे आपल्या हाताने भरायचे. फुकट्याचं गुपित साधं होतं: सॉफ्टवेअर फुकट, कारण स्पीकर त्यांचाच घ्यायचा.

हे सगळं तिने एका मोठ्या कागदावर उभं-आडवं मांडलं. शेवटी चौथा रकाना काढला आणि वर लिहिलं, आई. फी, काही नाही. शिकवणी, काही नाही. दुसऱ्या वर्षी वाढ, काही नाही. चित्रं अडकवून ठेवते का, नाही. पक्कड मान वाकडी करून बघत होता, म्हणाला, "ताई, मावशींचा चहा धरा ना. दिवसाला चार होतात."

"तुझे किती होतात?"

"माझे कशाला? मी सॉफ्टवेअर आहे का?"

भाव तर निघाले. पण नुसत्या भावाने थोरला हटणार नाही हे तिला ठाऊक होतं. तो म्हणणार, महाग असेल, पण खरं सांगतं ना? म्हणून तिने ठरवलं, तिघांची परीक्षा घ्यायची. तिघंही काही दिवस फुकट वापरून बघायला मिळत होते. आपण केलेले, आईने तपासलेले तीन हॉल घ्यायचे, तिघांच्याही तोंडात घालायचे आणि बघायचं, कोण आईच्या जवळपास येतो. जो चुकेल त्याचं नाक कापायचं.

पहिला हॉल जुना, एका शाळेचा. लांबी, रुंदी, उंची, पडदे, फरशी, सगळं भरलं. महाराणीने विचार केला, चाक फिरवलं, आणि सांगितलं की स्पीकर बरोबर आहेत. जावयानेही तेच सांगितलं. फुकट्यानेसुद्धा. धाकटी खुशीत ओरडली, "आई! तिन्ही पास झाले. तुझ्या परीक्षेत!"

आई पाठमोरी बसून विणत होती. विणतच राहिली.

दुसरा हॉल त्यानंतर काही वर्षांनी केलेला. महाराणी म्हणाली, दोन-तीन स्पीकर जास्त आहेत. जावईही तेच म्हणाला. फुकट्या म्हणाला, असू दे, पण जास्त आहेत.

तिसरा हॉल गेल्याच वर्षीचा, दवाखान्यातला. तिथे डॉक्टरांची व्याख्यानं व्हायची. तो भरला आणि पडद्यावर हॉल लालभडक झाला. जवळजवळ निम्मे स्पीकर काढून टाका, असं तिघांनी एकमुखाने सांगितलं.

धाकटीने फोन उचलला. "तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय."

"मॅडम, कुठलं माप चुकलं असेल तर..."

"माप माझं चुकत नाही. हॉल मी केलाय. तिथली मागची खुर्ची मला पाठ आहे. तुम्ही एअर कंडिशनरमधे बसून सांगता, स्पीकर काढा?"

त्याने शांतपणे सगळी मापं परत विचारली. सगळी बरोबर निघाली. तिने फोन आपटला.

पक्कड वायरीची गुंडाळी सोडवत होता. म्हणाला, "ताई, तिघांची आपसात सोयरीक आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे एक महाग, एक मधला, एक फुकट. तिघं तीन कंपन्यांचे. फुकटवाल्याचं पोट तर स्पीकर विकण्यावर. तोही म्हणतो, कमी घ्या. ठरवून खोटं बोलत असतील तर त्याचं कारण मला सुचत नाही."

"तू वायर सोडव."

पण ते वाक्य तिच्या डोक्यात रुतलं. स्पीकर विकणारा स्पीकर कमी घ्या म्हणतो, तेव्हा लुटारूपणाचा तिचा सगळा मामला ढासळत होता.

*

दुसऱ्या दिवशी ती पक्कडला घेऊन दवाखान्यात गेली. वॉरंटीची तपासणी आहे, असं सांगून रखवालदाराकडून हॉल उघडून घेतला. यंत्रांच्या कपाटापाशी तिचं पहिल्यांदा लक्ष गेलं. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण तिने लावून दिलं होतं त्याच्या किती तरी खाली फिरवलेलं होतं आणि वर चिकटपट्टी डकवलेली होती.

"हे कुणी केलं?"

"इथल्याच माणसाने," रखवालदार म्हणाला. "पहिल्याच व्याख्यानाला सगळे कानांवर हात ठेवून बसले होते. मग खाली केलं. तक्रार कशाला करायची, बटण आहेच की."

आवाज कमी पडला की लोक भांडतात. जास्त झाला की बटण फिरवतात. म्हणूनच इतके दिवस काही कळलं नव्हतं.

"निम्मे स्पीकर बंद कर," तिने पक्कडला सांगितलं. "बाकीच्यांचं बटण आपल्या खुणेवर आण. आणि वाच."

"मावशी नाहीत ना आज."

"मी बसते."

ती चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि कडेच्या खुर्चीत बसली. आजवर एवढे हॉल केले, पण त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. तिची जागा पुढे, आराखड्याच्या कागदापाशी. शेवटची खुर्ची आईची.

पक्कडने माइकपुढे कार्ड धरलं. "उपकरण उघडण्याचा प्रयत्न केल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. दुरुस्ती अधिकृत केंद्रातच..."

शब्द न् शब्द समोर बसून कुणी बोलावं तसा आला. निम्म्या स्पीकरांत.

तिला आठवलं, याच खुर्चीत आई बसली होती आणि तीन वेळा म्हणाली होती, "पुटपुटतोयस." पक्कड वैतागून ओरडायला लागला होता, आणि धाकटी हट्टाने गोलांवर गोल काढत गेली होती.

मग बाकीचंही एकेक आठवायला लागलं. फोन वाजला की आई म्हणायची, "तू घे, माझे हात ओले आहेत." हात दरवेळी ओले कसे असायचे? दुकानात कुणी बोलायला लागलं की आई हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघायची. लोक म्हणायचे, काय लक्ष देऊन ऐकते बाई! आणि काल, तिन्ही पास झाले म्हणून धाकटी ओरडली, तेव्हा आई पाठमोरी होती.

"ताई, पुढचं वाचू का?" माइकवरून पक्कडने विचारलं.

"नको. ऐकू आलं," ती म्हणाली. पण ती इतक्या हळू बोलली की त्यालाच ते ऐकू आलं नाही.

*

घरी आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. धाकटी दारातच उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे उपकरण ओलसर जागी ठेवू नये."

सुरी चालत राहिली.

ती एक पाऊल आत आली. "हे उपकरण ओलसर जागी ठेवू नये, आई."

आईने कांद्याचा उरलेला अर्धा भाग पालथा घातला.

धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आई दचकून वळली, लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"काय कधीपासून?"

"आई."

आईने सुरी ठेवली, हात पुसले. मग फणकाऱ्याने म्हणाली, "कामावर कधी खोटं बोलले का मी? सांग! कळलं तेव्हाच गुंडा वर केला. नाही कळलं तर नाही केला. एकदा तरी उगाच वर केला?"

"नाही केलास."

"मग?"

"आणि घरी?"

"घरी काय ऐकायचंय? घरी तुम्ही दोघं तेच तेच बोलता. तोंडं बघितली तरी कळतं."

धाकटीला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकाच वेळी. "सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं असतं म्हणजे काय झालं असतं? तुझा दादा म्हणाला असता, आईला घरी बसू दे. तेच म्हणाला ना परवा? त्याचं तोंड वाचलं मी चहा गाळताना, मागच्या दारातून." तिने परत सुरी उचलली, पण चिरायला घेतलं नाही. "त्या खुर्चीवर बसले की मी तुमच्या कामाची. इथे बसले की म्हातारी. एवढंच आहे."

घरात आई बेमालूम निभावून न्यायची. फक्त त्या शेवटच्या खुर्चीतून कुणाचं तोंड दिसत नसे, म्हणून तिथे तिचा कान काय तो खरा बोलायचा. दर हॉलला तो सांगत होता, मला कमी ऐकू येतंय. आणि तिची लेक ते ऐकून स्पीकर वाढवत होती. आवाजाचा धंदा करणाऱ्या घरातली ही गोष्ट.

*

थोरल्यापुढे तो मोठा कागद ठेवणं धाकटीच्या फार जिवावर आलं. एवढी तोंडाळ बाई, पण सांगताना शब्द चाचपत होती. तिन्ही सॉफ्टवेअर बरोबर आहेत. आपण चुकलो. का चुकलो, तेही सांगितलं.

थोरला आता म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो? तशी तिने तयारीही ठेवली होती, दोन-तीन चांगली उत्तरं जिभेवर होती. पण थोरल्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"माझ्याशी बोलताना ती नेहमी तोंडाकडे बघते," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझं कौतुक आहे."

कुलूपवाला डोकावला, पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, तेव्हा परत गेला.

"घ्यायचं कुठलं मग?" थोरल्याने विचारलं.

"जावई. महिन्याच्या बोलीने. काम असेल त्या महिन्याला भरायचे, नसेल त्या महिन्याला नाही. महाराणी एवढ्या छोट्या घरात मावायची नाही, आणि आपली चित्रं कोंडून ठेवणाऱ्याला मी एक पैसा देणार नाही. फुकट्या उद्या आपल्याला त्याचा विक्रेता करून सोडेल."

"आणि आई?"

"आधी कान दाखवू."

कानाच्या दवाखान्यात यंत्राचा भाव विचारला, तर समोरची मुलगी गोड हसून म्हणाली, "आधी ट्रायल घेऊन बघा ना." धाकटीने कपाळाला हात लावला. आईने मुलीच्या ओठांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "याचीही दर वर्षी फी आहे का?"

सगळ्यात महाग यंत्र मोबाइलला जोडता यायचं. आईने ते बाजूला सारलं, "मोबाइलवर कोण बोलणार माझ्याशी? सगळे इथेच असतात." धाकटीने विचारलं ते एकच. लूप पकडणारं बटण कुठल्या यंत्रात आहे? लूप म्हणजे सभागृहाच्या फरशीखालून फिरवलेली तार. माइकमधलं बोलणं ती थेट कानातल्या यंत्राला देते, मधे ना खुर्च्यांची खरखर, ना शेजाऱ्याची बडबड. त्यांच्या आराखड्यांत ती नेहमी असायची आणि गिऱ्हाईक ती नेहमी काटायचं. "हे काय? कुणाला लागतंय?" असं म्हणून पहिली काट तिच्यावर. धाकटीही भांडायची नाही. स्पीकरासाठी भांडायची, लुपासाठी नाही. कारण तिच्या ओळखीत कुणाला ते लागत नव्हतं, असं तिला वाटत होतं.

मधल्या भावाच्या यंत्रात ते बटण होतं. तेच घेतलं.

पुढचं काम आलं ते एका कचेरीच्या सुनावणीच्या सभागृहाचं. लोकांनी तक्रारी घेऊन यायचं, वरच्या टेबलावरच्यांनी ऐकायचं आणि निकाल सांगायचा, अशी ती जागा. थोरल्याने रंगीत चित्र टेबलावर ठेवलं. स्पीकर इतरांइतकेच, भाव इतरांइतकाच, वर फरशीखालचा लूप. साहेबाने पेन काढून लुपावर नेलं.

"हे काटा. कुणाला लागतंय?"

"माझ्या आईला," थोरला म्हणाला. "आणि तुमच्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांत म्हातारे किती असतात, ते तुम्हीच मोजा. तो माणूस दिवसभर बाकावर बसणार, आणि त्याचाच निकाल त्याला शेजाऱ्याला विचारावा लागणार. तुम्हाला चालेल?"

साहेबाने पेन हवेतच धरलं, मग टोपण लावलं. काम मिळालं.

तपासणीच्या दिवशी आई पिशवी घेऊन आली आणि कुणाला न विचारता शेवटच्या खुर्चीत जाऊन बसली. स्पीकरांची परीक्षा धाकटीने घेतली, आईशेजारी बसून. सॉफ्टवेअरने सांगितलं होतं तसंच निघालं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण फरशीखालच्या तारेतलं बोलणं यंत्रापर्यंत नीट पोचतं की कुठल्या लोखंडी कांबीपाशी मरतं, हे चित्र सांगत नव्हतं. त्याला कान लागत होता, यंत्र घातलेला.

"स्पीकर सगळे बंद कर," धाकटीने पक्कडला सांगितलं. "नुसता लूप ठेव. आणि वाच."

आईने कानामागचं बटण दाबलं. मागच्या रांगांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. पक्कडचे ओठ हलत होते, एवढंच, आणि ते शेवटच्या खुर्चीतून दिसण्यासारखे नव्हते. कार्ड संपलं तरी गुंडा वर जाईना. आईचं डोकं विणकामात होतं, सुया चालू होत्या. धाकटी उठून पक्कडपाशी गेली. थोरला दाराशी होता, तोही पुढे आला.

पक्कडने कार्ड उलटसुलट केलं, माइकजवळ तोंड नेऊन पुटपुटला. काय पुटपुटला ते दोन हातांवर उभ्या असलेल्या धाकटीलाही ऐकू आलं नाही.

पिवळा गुंडा वर गेला.

"मावशी आता विणायचं तेवढं काम करणार," शेवटच्या रांगेतून आईने शब्द न् शब्द परत म्हटला, "आणि चहा कधी मिळणार, ते कुणाला विचारायचं, म्हणे! अरे, कार्ड पहिल्या ओळीपासून कळलं मला. टाके मोजत होते, एखादा सुटला असता. आणि डाव्या कोपऱ्यात जरा खरखर आहे, तिथली तार बघ."

पक्कडने जीभ चावली आणि पक्कड घेऊन डाव्या कोपऱ्यात फरशीवर गुडघे टेकले. तिथे खरंच एक जोड सैल निघाला.

"आई," थोरला खुर्चीपाशी जाऊन, तिच्या तोंडापुढे न येता, मागूनच म्हणाला, "पुढच्या हॉललाही येशील ना?"

आईने मागे वळून बघितलं नाही. गुंडा पिशवीत टाकला, सुया टाकल्या.

"येईन की. पण आधी भाव ठरव. यंदा सवलत आहे. पुढच्या वर्षापासून वाढणार."